सहाशे यार्डांची थाप

ब्रॉक डेनिंग कॅमेरेवाल्यांना घेऊन आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा माझ्या आईने त्याला एकच अट घातली होती. "जे घडेल तेच दाखवायचं. मसाला नको."

"मिसेस टोफ्टे, आम्हाला खरं तेच हवंय," तो म्हणाला. टीव्हीवर शिकारीचा कार्यक्रम करणारा माणूस. दात फार पांढरे.

आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. मोंटानातल्या आमच्या त्या डोंगरावर ती लहानपणापासून शिकार करत आली होती. एल्क म्हणजे सांबराहून मोठं हरीण; त्यातली एक मादी मारायचा परवाना तिला मिळाला होता, आणि एक एल्क म्हणजे आमच्या घरात हिवाळाभराचं मांस.

नोव्हेंबर संपत आला होता, बर्फ गुडघाभर. आई वारा तोंडावर घेत सकाळभर चढत राहिली. पहिली मादी दिसली ती तिने सोडून दिली, कारण मागे पाडस होतं. दुसरी झाडीच्या कडेला चरत होती. आई पोटावर सरपटत साठेक यार्डांपर्यंत गेली आणि एका गोळीत काम झालं. मग तिने हातमोजा काढला, जनावराच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ बसून राहिली. मी शेजारीच होते. कॅमेराही होता.

वसंतात तो भाग लागला. अग्निशामक केंद्राच्या हॉलमध्ये सगळं गाव जमलं, बायकांनी चिलीची, म्हणजे मांस-राजम्याच्या तिखट रश्श्याची पातेली आणली, कोणी सफरचंद भरलेले गोड ॲपल-पाय आणले. ढोल बडवल्यासारखं संगीत सुरू झालं आणि ब्रॉकचा कुजबुजता आवाज आला: "आयुष्यातल्या पहिल्या शिकारीला निघालेली ही आजी..."

"पहिली?" आमचा शेजारी ऑर्व्हिल आईकडे बघून ओरडला. "व्हर्लीन, मग माझ्या लग्नात आम्ही काय खाल्लं गं?"

लोक हसले. मग डोंगरात नराची आरोळी घुमली, माजावर आल्यावर नर काढतात ती. ती सप्टेंबरची. नोव्हेंबरात नर मुकाट चरत असतात. पडद्यावर गुडघाभर बर्फ, आणि वर ती आरोळी. ब्रॉक दबक्या आवाजात म्हणाला, "जंगलाचा राजा आला!" आणि समोर शिंगंच नसलेली मादी उभी राहिली.

आता हॉलमध्ये फारसं कोणी हसत नव्हतं. आईचा घास हातातच राहिला होता.

"सहाशे यार्ड!" ब्रॉक म्हणाला. "थरथरते हात. आता नाही तर कधीच नाही!" गोळी सुटली. आई मानेवर हात ठेवून बसली होती, तिथे त्यांनी टाळ्या आणि शिट्ट्या घातल्या होत्या. "राजा कोसळला! आजी जिंकली!"

आई उठली आणि तिने टीव्हीचा आवाज बंद केला.

"साठ यार्ड होते," ती म्हणाली. "सहाशेवरून मी कधी गोळी झाडलेली नाही. तुमच्यापैकी कोणी झाडलीत तर माझ्या घरी जेवायला येऊ नका." मग तिने सगळं होतं तसं सांगितलं.

"पाडसाचं काय झालं?" कोणीतरी विचारलं.

"आईच्या मागे गेलं. अजून कुठे जाणार?"

दुसऱ्या दिवशी तिने ब्रॉकच्या कचेरीत फोन केला. एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, प्रेक्षकांना लांबची गोळी आवडते. आणि त्या आरोळीशिवाय जंगल रिकामं वाटतं हो."

"रिकामंच होतं ते!"

त्यांनी काहीही बदललं नाही. उन्हाळाभर तोच भाग पुन्हा पुन्हा लागत राहिला.

पुढच्या हंगामात आम्ही दोघी कुंपणापाशी होतो, तेव्हा दरीपलीकडून गोळ्या ऐकू आल्या. एक, मग आणखी एक, मग चार-पाच धडाधड. आम्ही पलीकडे गेलो. नव्या कोऱ्या केशरी जाकिटांतले दोघे पिकअपपाशी उभे होते.

"नाही लागली," त्यातला जाडा म्हणाला. "फार लांब होती. चला, दुसरी बघू."

त्यांनी गोळ्या झाडल्या तेव्हा एल्कचा कळप जिथे उभा होता, तिथे आई चढून गेली आणि वाकली. बर्फावर रक्त होतं आणि रक्तात हिरवट घाण.

"लागली आहे," ती खाली ओरडली. "पोटात. एवढ्या लांबून मारायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"टीव्हीवर एका म्हातारीने सहाशेवरून..." जाडा बोलता बोलता थांबला. त्याने डोळे बारीक केले. "अरे! तुम्हीच ना त्या?" आणि त्याने फोटोसाठी खिशातून फोन काढला.

आईचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. कोणी तोंडावर थुंकावं तसा झाला होता.

"तो ठेव आत," ती म्हणाली. "आणि चल माझ्या मागे. दोघेही."

दुपार टळून गेल्यावर ओढ्याकाठच्या झुडपांत ती एल्क सापडली. बसलेली होती, जिवंत. उठायला बघत होती आणि पुढचे पाय घसरत होते.

"जवळ जा," आई जाड्याला म्हणाली. "अजून जवळ. तिचे डोळे दिसेपर्यंत. आता मार."

त्याने मारली आणि बाजूला जाऊन ओकला. पण आईने त्यांना सोडलं नाही. फाटलेल्या आतड्यांतली घाण मांसभर पसरली होती. ती तिने त्यांच्याकडून बर्फाने पुसून घेतली, नासलेलं कापून टाकायला लावलं, उरलेलं पाठीवरून खाली न्यायला लावलं. वास केसांत, जाकिटांत शिरला होता.

"मॅडम, आम्हाला ते खरं वाटलं होतं," दुसरा म्हणाला.

"माझ्या तोंडाकडे बघून वाटलं ना?" आई म्हणाली.

हिवाळ्यात ब्रॉकचा फोन आला. आजी लोकांना फार आवडली होती, आणखी एक भाग करायचा होता. आईने माझ्या हातून फोन घेतला आणि ते रक्त, ती घाण, ते घसरणारे पाय, सगळं सुरुवातीपासून सांगितलं.

शेवटी ब्रॉक म्हणाला, "मिसेस टोफ्टे, हे टीव्हीवर चालणार नाही."

तिने फोन आपटला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिली.

परवा दातांच्या दवाखान्यात आम्ही बसलो होतो आणि भिंतीवरच्या टीव्हीवर तीच आरोळी घुमली. समोरची बाई एकदा पडद्याकडे, एकदा आईकडे बघू लागली. मग हसून तिने अंगठा वर केला.

आई कोट न घालताच बाहेर जाऊन बर्फात उभी राहिली. तिचं नाव पुकारलं, तरी ती आत आली नाही.