भिंगाशेजारची जागा

मित्रांनो, मंचरच्या बाजारपेठेत कांद्याच्या वखारीवर एक खोली आहे. तिथे स्टँडवर उभा असलेला जुना व्हिडिओ कॅमेरा म्हणजे मी. माझे तरुणपण लग्नांत गेले. सयाजी फोटोग्राफर मला खांद्यावर घेऊन मांडवात शिरला, की वऱ्हाडातल्या बायका पदर सारखा करायच्या. पुढे ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आले आणि मी कपाटात पडलो. भिंगावर बुरशी चढू लागली. तेव्हा वैजयंतीताईंनी मला मागून आणले, पुसले आणि पुन्हा कामाला लावले.

ताई मुंबईत बरीच वर्षे मालिकांत होत्या. आता त्या इथल्या मुलामुलींना कॅमेऱ्यासमोरचा अभिनय शिकवतात. "ओरडू नका, याला कुजबुजसुद्धा ऐकू येते," त्या माझ्याकडे बोट दाखवून सांगत. "आणि याच्याकडे बघायचं नाही. समोरचं माणूस याच्या शेजारी उभं आहे असं समजून बोलायचं."

डिंगोरे गावची दिशा कॉलेजसाठी मंचरला मावशीकडे राहायची. तिची थोरली बहीण वृषाली आदल्या वर्षी तापाने गेली होती. एका दुपारी दिशा माझ्यासमोर खुर्चीवर बसली आणि माझ्या भिंगाशेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहून म्हणाली, "वृषे, तुझी चप्पल मी घातली गं. रागवू नको."

आणि तिची नजर हलली. माझ्या मागे दार आहे. तिथून ती नजर कोणाला तरी घेऊन हळूहळू माझ्याजवळ आली. एका पावलाला किंचित खाली, दुसऱ्याला वर. भिंगाशेजारी येऊन ती थांबली. मित्रांनो, माझ्या मागे काय असते ते मला कधीच दिसत नाही.

"अप्रतिम!" ताई म्हणाल्या. मग रोज तोच प्रसंग सुरू झाला. ताई खूश होत्या, त्यामुळे 'कट' म्हणायला त्यांना उशीर होऊ लागला. दिशा मात्र इतर मुलींशी बोलेनाशी झाली. समोरच्या माणसाऐवजी ती त्याच्या शेजारी पाहू लागली.

मावशीने फोन केला, तसे वडील दादाभाऊ आले. ताईंनी कौतुकाने त्यांना माझ्या पडद्यावर चित्रीकरण दाखवले. दादाभाऊंनी पडद्यावर बोट ठेवले.

"ताई, हिची नजर खाली-वर व्हती, ती वृषालीची चाल हाय. आमची पोरगी एका पायानं लंगडी व्हती."

ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी हे कोणाकडूनच ऐकले नव्हते.

दिशा तेव्हाही माझ्यासमोर खुर्चीवर बसून त्या मोकळ्या जागेशी बोलतच होती. दादाभाऊ नेमके माझ्या भिंगाशेजारी येऊन उभे राहिले.

"दिशे, हितं मी हाय. माझ्याकडं बघ, बाळा."

तिची नजर त्यांच्या आरपार गेली. त्यांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा मारली. शेवटी ती नजर थरथरली आणि बापाच्या तोंडावर टेकली. "दादा," म्हणून ती उठली आणि त्यांच्या गळ्यात पडली.

"कट," ताई पुटपुटल्या आणि मला बंद करायला आल्या. पण त्यांचा हात तसाच थांबला. माझी जुनी मोटर घरघरत होती. माझा फोकस रिकाम्या खुर्चीवर येऊन बसला होता. तिथे कोणी बसले असावे, तसा. मागची भिंत धूसर होती.

दादाभाऊंनी पडद्याकडे पाहिले, मग खुर्चीकडे. ते तिच्याजवळ गेले.

"वृषे, दमली असशील पोरी. हिला मी सांभाळतो. तू नीट जा."

माझा फोकस सुटला. भिंतीवरचा रंगाचा पोपडा स्वच्छ दिसू लागला.

दिशाने शिकणे सोडले नाही. आता ती मालिकेत लहानसे काम करते. आमच्या खोलीत मात्र एक नवा नियम झाला आहे.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. बुरशी पुसता येते. पण कधी कोणाला कॅमेऱ्यासमोर उभे केलेत, तर आमच्या या नियमाप्रमाणे काम संपल्यावर त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारा. आणि तो 'ओ' देईपर्यंत तिथून हलू नका.