फुलदाणीपर्यंत न पोचलेलं फूल

चर्चमध्ये आईच्या नावाने पाळतात त्या मातृरविवारच्या उपासनेला ती वीस मिनिटं आधी पोचली आणि दाराजवळच्या टोपलीतलं एक फूल घेऊन पहिल्या बाकावर बसली. ग्रंथपाल माणूस, वेळेआधी पोचणं हा तिचा एकमेव सद्गुण. ज्या दिवशी तो खरा हवा होता, नेमका त्याच दिवशी दगा देऊन गेला.

या चर्चची रीत साधी होती. प्रवचन संपलं की ज्यांची आई हयात त्यांनी फूल आईला द्यायचं, ज्यांची नाही त्यांनी वेदीपुढच्या फुलदाणीत ठेवायचं. यंदा पाळकसाहेबांनी भर घातली होती: आईची सेवा दुसऱ्या कुणी केली असेल, तर फूल त्या हातांत द्यावं. माणशी एकच फूल.

तिची आई जाऊन चार महिने झाले होते. शेवटची दोन वर्षं आईचं सगळं मावशींनी केलं. मावशी नात्यातल्या नव्हेत, सांभाळायला ठेवलेल्या. न्हाऊ घालणं, कूस बदलणं, रुसवे काढणं त्यांच्याकडे. लेकीकडे शनिवारचं वाचन. जाडजूड कादंबरी घेऊन ती उशाशी बसे. दुसऱ्या पानाला आई घोरू लागे, लेक मात्र प्रकरण पुरं करूनच उठे. सेवा म्हणतात ती हीच, अशी तिची प्रामाणिक समजूत होती.

आई गेली त्या दुपारी शेजाऱ्यांनी ग्रंथालयात निरोप धाडला. ती धावतपळत घरी पोचली, तोवर सगळं संपलं होतं. चार नातेवाइकांदेखत ती मावशींना म्हणाली, "वेळेवर कळवायला काय झालं होतं तुम्हाला?"

मावशींनी आईच्या अंगावरची चादर सारखी केली. संध्याकाळी तिने पर्समधला मोबाइल काढला, तर मावशींचे चार मिस्ड कॉल. ग्रंथालयात मोबाइल मुका ठेवावा हा नियम तिनेच केलेला, आणि तो पाळणारीही ती एकटीच.

माफीला एक वाक्य पुरलं असतं. तिने पत्राचे सात खर्डे केले. तिसऱ्यात ती तत्त्वज्ञानात शिरली, पाचव्यात स्वतःचीच दया येऊन रडली. सातवा फार छान उतरला, म्हणून जपून ठेवला.

आज मावशी शेवटच्या बाकावर होत्या. प्रवचन संपलं आणि तिचे पाय आपसूक फुलदाणीच्या रांगेत गेले. फुलदाणी उलट प्रश्न विचारत नाही.

"सरका हो पुढे," मागचे निवृत्त कंपाउंडर कुजबुजले. "फूल ठेवायचंय. नंबर घालून कपाटात लावायचं नाही."

ती रांगेतून बाहेर पडली आणि सगळ्यांच्या नजरा झेलत शेवटच्या बाकाशी गेली.

"मावशी."

"या ताई. वाळलात हो."

"त्या दिवशी तुम्ही चारदा फोन केला होतात. मी चारचौघांत तुम्हालाच बोलले. चुकले मी." तिने फूल पुढे केलं.

मावशींनी ते घेतलं. "फोन मीच केले, मला नाही का ठाऊक?"

"मग तेव्हाच का नाही सुनावलंत?"

"तुमची आई गेलेली. त्यात काय भांडायचं?"

ती उभीच राहिली. "शेवटी आई काही म्हणाली?"

"चौथा फोन त्यांच्या कानाशी धरला होता मी. तुम्ही उचलला नाहीत की तुमचा भरून ठेवलेला आवाज लागतो ना? 'मी कामात आहे, निरोप थोडक्यात सांगा.' तो ऐकला त्यांनी."

दोन वर्षं तिने मोठमोठ्याने साहित्य वाचलं, आणि आईच्या कानी शेवटी पडलं ते हे.

"मग?"

"हसल्या. म्हणाल्या, हिला स्वतःला कधी जमलंय का थोडक्यात?"

तिला आधी हसू आलं. ते बरंच मोठ्याने आलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. पुढच्या बाकांवरच्या माना वळल्या. मावशींनी सरकून जागा केली.

"बसा आता. गाणं सुरू झालंय. सूर नसला तरी चालतं इथे."

ती बसली. पहिलं कडवं नुसते ओठ हलवण्यात गेलं. दुसऱ्याला आवाज फुटला, आणि मावशींनी खोटं सांगितलं नव्हतं, कुणीही वळून पाहिलं नाही.