नांदखेडचा पडणारा सिग्नल

"पडला! पडला!" नांदखेडच्या बंद स्टेशनात जमलेल्या गर्दीने एकदम हात जोडले. फलाटावर सिग्नलबाबा डोळे मिटून बसला होता, आणि समोरच्या गंजक्या खांबावरचा सिग्नलचा लाल हात आपोआप खाली झुकला होता.

"स्टेशनाखाली देव गाडला, म्हणून शाप लागून ते बंद पडलं," बाबा घोळवून घोळवून सांगत होता. "ज्याला देव माफ करतो, त्यालाच लाईन क्लिअर!" एवढ्या वर्षांत देवालाही रेल्वेची भाषा येऊ लागली होती म्हणायची.

शाळेतल्या सुमंगलाबाईंचं मात्र रक्त उकळत होतं. त्यांच्या वर्गातल्या राणीला फिट यायच्या. सिग्नल पडेपर्यंत गोळ्या बंद, असा बाबाचा हुकूम, आणि राणीच्या वेळी सिग्नल काही पडत नव्हता. काल पोरगी वर्गातच कोसळली, जीभ रक्तबंबाळ झाली.

"गोजरबाई, गोळ्या सुरू करा. लेक हातची जाईल!" बाईंनी राणीला घेऊन गर्दीत बसलेल्या तिच्या आईला बजावलं.

"देव न्हाई म्हनायलाय, बाई. गोळी देली तर लय कोपंल."

बाई तणतणत खांबापाशी गेल्या. अख्खा खांब गंजून गेलेला, पण बुडाच्या कप्पीवर ओलं ग्रीस. इथं गाडीच थांबत नाही, मग ग्रीस कोणासाठी? कप्पीतून निघालेली तार बेशरमाच्या झुडपांतून थेट जुन्या सिग्नल केबिनकडे गेली होती. बाई माघारी आल्या आणि गोजरबाईंना हाताला धरून घेऊन गेल्या.

"या तारेवर पाय द्या."

"पाप लागंल की!"

"लागलं तर मला लागू द्या."

तिकडे बाबा सांगत होता, "आज देव रुसलाय. सिग्नल पडायचा न्हाई." इकडे गोजरबाईंनी तारेवर भार टाकला आणि लाल हात खाडकन पडला. पाय काढला, हात वर. पुन्हा दिला, पुन्हा खाली. बाबाची बोबडी वळली. लोक केबिनकडे धावले, तर तिथं त्याचा चेला बन्सीधर तार ओढायच्या खटक्यावर हात ठेवून घामाघूम उभा! दोघांनाही पोलिसांच्या हवाली केलं.

"मंग स्टेशन बंद कशानं पडलं?" कोणीतरी विचारलं.

"आपल्या गुणानं," म्हातारे गोविंदराव खाली मान घालून म्हणाले. "गाडी आपल्याच गावची, तिकीट कशाला, असं म्हनून समदे फुकट जायचो. मी बी. तिकिटं खपंनात, तवा रेल्वेनं कुलूप घातलं. शाप म्हनायला सोपं पडलं, एवढंच."

गोजरबाईंनी राणीला छातीशी धरलं. "बाई, दवाखाना उघडा असंल का आता?"

"असेल. चला."

वाचकहो, देवापुढे हात जोडायचे असतील तर खुशाल जोडा. पण चमत्कार दिसला, की आधी त्याची तार कुठे जाते ते बघा. आणि कुठल्याही बाबाच्या सांगण्यावरून लेकराची गोळी बंद करू नका.