मेतोदीच्या दारावरचा कागद

दाफिना स्वतःचं शोकपत्रक बघायला गाव सोडल्यावर सात महिन्यांनी बुर्गासहून परत याम्बोलला आली, ती खरं तर मिरवायला आली होती. केस लाल, टाचा उंच, आणि पर्समध्ये विओलेता या नावाचा नृत्यशिक्षिकेचा दाखला. दाखला खोटा होता, पण तिनेच छापलेला असल्याने सुबक होता.

वीस वर्षं ती ग्रोझ्दानच्या छपाईच्या दुकानात मान खाली घालून काम करत होती. पुढच्या खोलीत मेलेल्यांची शोकपत्रकं, मागच्या खोलीत जिवंतांच्या बनावट पदव्या. पोलिसांची कुणकुण लागताच ग्रोझ्दान पसार झाला. दाफिनाला तुरुंगापेक्षा पोलिसांसमोर बोलावं लागेल याचीच धडकी भरली. तिने आपलंच शोकपत्रक छापलं, चौकातल्या खांबावर आणि घराच्या दारावर चिकटवलं आणि सकाळची बस पकडली. प्रेत कुठंय, असं कुणी विचारलं नाही. तिच्यासाठी एवढी तसदी कोण घेणार, असं तिला वाटलं, आणि त्याचं तिला बरंच वाटलं होतं.

आता तिसऱ्या मजल्यावर तिच्या दाराला एकाऐवजी तीन कागद होते. पहिला तिचा. तिथल्या रिवाजाप्रमाणे दुसरा मृत्यूनंतरच्या चाळीस दिवसांचा, तिसरा सहा महिन्यांचा. या दोन्हींवरच्या फोटोत ती चक्क हसत होती, आणि खांद्याशी कुणाची तरी बाही दिसत होती. खाली लिहिलं होतं, ‘शोकाकुल: शेजारी मेतोदी.’

मेतोदी समोरच्या दारातला. दर शरद ऋतूत तो भाजलेल्या मिरच्यांची बरणी तिच्या उंबऱ्यावर ठेवायचा. ती बरणी धुऊन परत ठेवायची, तीही तो बाहेर गेला की, म्हणजे आभार मानायला नकोत. वीस वर्षं. तिला स्वतःची लाज वाटली.

टाचांचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरची स्तान्का धापा टाकत वर आली.

“कोण हवंय, बाई?”

“मेतोदी.”

“उशीर केलात. पंधरा दिवस झाले त्याला जाऊन.”

“मग त्याच्या दारावर कागद कसा नाही?”

“लावणार कोण? त्याचं माणूस म्हणजे ही समोरची, ती आधीच गेली. घुमी होती. वीस वर्षं माझ्या डोक्यावर राहिली, पण कुठंही दिसली असती तरी मी चटकन ओळखली असती.” हे ती दाफिनाच्या तोंडाकडे बघत म्हणाली.

दाफिना तडक जुन्या दुकानात गेली. तिथे आता एक नवी मुलगी सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती.

“फोटो आणलाय?” मुलीने विचारलं.

“नाही गं. मेतोदीचं शोकपत्रक छापायचंय.”

मुलीने नाव टाइप केलं. “हे आजोबा होय? त्यांचा फोटो आहे आमच्याकडे. समोरच्या वारलेल्या बाईंचं पत्रक छापायला यायचे. यातून फक्त तिला काप म्हणायचे.”

तिने पडद्यावर अख्खा फोटो उघडला. जिना रंगवला त्या दिवशीचा. हातात कुंचला घेऊन दाफिना हसत होती आणि शेजारी उभा मेतोदी तिच्याकडे बघत होता. तिला हसवायला तो काय बोलला होता, ते तिला काही केल्या आठवेना. त्याचंच तिला सगळ्यात वाईट वाटलं.

“आता यातून आजोबांना कापते.”

“कापू नकोस. दोघांनाही राहू दे.”

“बरं. आणि खाली नाव कुणाचं?”

बुर्गासला गुरुवारचा वर्ग होता. तिथले अकरा विधुर विओलेताबाईंची वाट बघत होते. इथे नाव दिलं की विओलेता संपली, आणि पोलिसांसमोर बोलायचंही आलंच.

“शेजारीण दाफिना.”

मुलीचा हात थांबला. “ती मेलीय ना, ताई?”

“तसं मीच छापलं होतं.”

कागद मेतोदीच्या दारावर चिकटवून दाफिना तिथेच थांबली. स्तान्का चष्मा लावून वर आली. तिने नाव वाचलं, फोटो पाहिला, मग लाल केसांखालचा चेहरा पहिल्यांदाच नीट पाहिला.

“बरणी परत ठेवायचीस,” ती हळूच म्हणाली, “तेव्हा एकदा तरी बेल वाजवायची होतीस गं.”

“हो मावशी. वाजवायला हवी होती,” दाफिना म्हणाली. पोलिसांना कळवायचं तर कळवा, असंही ती म्हणाली, पण स्तान्का तोवर पायरीवर टेकली होती आणि तिच्यासाठी बाजूला सरकून जागा करत होती.