कुठला घोडा?

आमच्या खेळात विनंती तोंडी चालत नाही. चिठ्ठी लिहायची, तीही एका ओळीची, आणि रविवारच्या आधी बिस्किटांच्या डब्यात टाकायची. नियम माझा आहे, आणि तो मोडला की माझं डोकं फिरतं हे तिघांनाही ठाऊक आहे. पण नियम नसता तर ऐन खेळात एकाला तलवार आठवते, दुसरीला घोडा, तिघं एकदम बोलतात आणि माझ्या नाकी नऊ येतात.

खेळ असा, की मी गोष्ट सांगायची, तिघांनी त्यात एकेक पात्र व्हायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. पुस्तकात माझ्या कामाला गेम मास्टर म्हणतात, आम्ही सूत्रधार म्हणतो. सहा वर्षं झाली, दर रविवारी दुपारी आम्ही माझ्या नणंदेच्या दवाखान्यात जमतो. ती दातांची डॉक्टर. मागच्या खोलीत लवंगेच्या तेलाचा वास, टेबलावर माझा नकाशा, आणि नकाशावर डोंगर म्हणून पेशंटांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे. बाकी दोघांपैकी एक बसचालक. दुसरे निवृत्त कारकून, ज्यांना आम्ही नियमावली म्हणतो, कारण खेळाचं पुस्तक त्यांना पान नंबरासकट पाठ आहे.

सूत्रधाराची खरी कसोटी त्या डब्यातच लागते. प्रत्येकाला हवं ते द्यायचं, पण फुकट द्यायचं नाही. चालकदादांना लढाई हवी असते, कारण आठवडाभर रस्त्यावर कोणाशी भांडायची त्यांना सोय नाही. नणंदेला तिच्या लंगड्या घोड्याचे लाड. नियमावलींना काहीच नको असतं, फक्त सगळं नियमाप्रमाणे व्हावं.

मग माझ्या डोक्याचं ऑपरेशन झालं. घर, माणसं, पत्ता, सगळं शाबूत राहिलं, पण गेल्या दोनेक वर्षांतलं पुष्कळ पार पुसलं गेलं. खेळाच्या वहीत मी माझ्याच खुणांमध्ये लिहायचे, त्या खुणा आता मला ओळखही देईनात. इस्पितळात नणंद भेटायला आली तेव्हा म्हणाली, "वहिनी, माझ्या घोड्याने तुला नमस्कार सांगितलाय हं."

"कुठला घोडा?" मी विचारलं.

ती हसली आणि माझी उशी सारखी करत बसली. मीही हसले. वाटलं, वेळ मारून नेली.

कोणाला काही सांगितलं नाही. मनात ठरवलं, एक रविवार खेळून बघायचं. भर टेबलाशी फजिती झाली तर फाशांची पेटी नियमावलींच्या हाती द्यायची आणि घरी बसायचं. घरी बसून करायचं काय, तर औषधांच्या वेळा पाळायच्या.

शनिवारी डबा घरी आला. उघडला आणि कपाळाला हात लावला. चालकदादांनी बसच्या दोन फॉर्मांच्या पाठी गच्च भरल्या होत्या. 'दोरीच्या पुलावर राक्षसाने माझ्या ढालीला तडा पाडला, तेव्हा नियमावलींनी मला ओढून काढलं, तर आता ढालीसाठी लोहार मिळावा.' नियमावलींच्या चिठ्ठीत बारा ओळी. म्हाताऱ्या राणीला कोणी, कुठे, काय शब्द दिला ते तारीखवार, आणि शेवटी तो पाळायची परवानगी. नणंदेने अपॉइंटमेंटच्या कार्डावर लिहिलं होतं, घोडा कुठे लंगडा झाला, कोणी बरा केला, आणि आपण सगळे गुहेतल्या लोखंडी दाराशी कसे थांबलो. 'आत काय आहे ते तुलाच ठाऊक.'

एवढं पाल्हाळ कशाला, म्हणून मी चिडले. आणि चिडत चिडत सगळं तीनदा वाचलं.

रविवारी खेळ असा रंगला की माझा मलाच विश्वास बसेना. लोहार दिला, पण त्याने मोबदल्यात चालकदादांची मिशी मागितली. राणीला दिलेला शब्द पाळू दिला, पण तिने वर नवा मागून घेतला. मग दारापाशी आलो. नणंदेने नेमकं काय लिहिलंय ते बघायला मी कार्ड उचललं, ते उलटं आलं. मागे तिचंच डॉक्टरी अक्षर होतं: 'पूल, ढाल – चालकदादा. राणी – नियमावली. घोडा, दार – मी. वहिनीला कळता कामा नये.'

माझे कान तापले. दया मला कोणाचीच सोसत नाही. पेटी बंद करून उठावं असं वाटलं. मग नजर त्या बारा ओळींवर गेली. सहा वर्षांत नियमावलींनी एक नियम मोडला नव्हता. माझ्यासाठी मोडला, आणि तोही अकरा ओळींनी. मला भरून आलं. या तिघांनी माझं विसरलेलं सगळं जपून ठेवलं होतं आणि मला विनंत्या म्हणून परत दिलं होतं. हे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

पण दाराआड काय होतं, ते मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. ते देणार कोण?

मी एक कोरी चिठ्ठी घेतली, एक ओळ लिहिली आणि डब्यात टाकली. नियमावलींनी ती काढून मोठ्याने वाचली. "दाराआड काय ठेवलं होतं, मला आठवत नाही."

नियमावलींनी चष्मा पुसला. "सूत्रधाराला आठवलंच पाहिजे, असं पुस्तकात कुठेही नाही," ते म्हणाले. "मी काल पुन्हा बघितलं."

"आठवायचं कशाला, ताई?" चालकदादांनी फासे उचलले. "दार मी ढकलतो. काय दिसतं ते तुम्ही सांगा."

फासे साच्यांना आपटून थांबले. दार उघडलं. मी डोळे मिटले आणि थोडा वेळ काहीच नव्हतं. मग गवताचा वास आला, आणि उबेचा.

"आतून खिंकाळी ऐकू येते," मी म्हणाले. "लंगडा घोडा कान टवकारतो. ओळखीचा आवाज आहे."

नणंद टेबलावर पुढे झुकली. तिचे डोळे ओले होते, पण हसत होती.

"कुठला घोडा?" तिने विचारलं.

आणि मला माहीत होतं. कोणीही ते चिठ्ठीत लिहून दिलेलं नव्हतं.