आईंच्या खोलीखालची लाइन

मोरीत गुळगुळ आवाज झाला की माझे कान टवकारतात. मग हातातलं टाकून मागच्या दारी पळायचं आणि चेंबरचं झाकण उचलून बघायचं, हे माझं हल्लीचं मुख्य काम. नवरा म्हणतो, "तू त्या चेंबरशीच लग्न करायला हवं होतंस." म्हणू दे. तुंबलं की बादल्या मलाच उपसाव्या लागतात.

प्लंबरने लाइनीत लांब लवचीक पट्टी घालून बघितलं आणि सरळ सांगितलं, "वहिनी, पाइप जुने आहेत, चिनीमातीचे. आजींच्या खोलीखाली सांधा सरकलाय, त्यातून झाडाची मुळं शिरलीत. कापून देतो, थोडे दिवस निघतील. नवी लाइन टाकायची तर ही खोली अख्खी खोदावी लागेल."

"तेवढे दिवस आईला ताईकडे ठेवू," नवरा म्हणाला. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

तूर्त मुळं कापून घेतली. मग मी घरात कायदाच केला: फ्लश करायच्या आधी मला हाक मारायची, म्हणजे मी चेंबरवर नजर ठेवीन. नवरा, मुलं, सगळे माझ्या नावाने ओरडायला लागले. सासूबाईंची हाक तेवढी क्वचित यायची. मला वाटलं, चला, एक माणूस तरी त्रास देत नाही.

मोरीतला आवाज मात्र थांबेना. खोदूया असं रोज ठरवायचे आणि रोज माघार घ्यायचे. आईंना त्यांच्या खोलीतून हलवणं जिवावर आलं होतं, आणि पाइप फुटून घाण त्यांच्याच पलंगाखाली आली तर, ही धास्तीही होतीच.

परवा दुपारी उठता उठता त्या भेलकांडल्या. ओठ सुकलेले, हात गार. डॉक्टर माझ्यावरच डाफरले, "यांच्या अंगात पाणीच नाही. घरात कोणी पाणी देतं की नाही?"

ते गेल्यावर मी चिडून विचारलं, "आई, उशाशी भरून ठेवलेलं भांडं रोज रिकामं असतं की!"

"कुंडीत ओतते. प्यायलं की जावं लागतं. मग ती लाइन तुंबते. तुंबली की खोदाल आणि मला लेकीकडे धाडाल."

"अहो, पंधरा दिवसांचा तर प्रश्न!"

"शेजारच्या आजींनाही फरशी बसेपर्यंतच नेलं होतं. फरशी केव्हाच बसली. त्यांच्या खोलीत आता नातवाचं टेबल आहे."

मला रडूच फुटलं. तिथूनच प्लंबरला फोन लावला, "उद्यापासून खोदा. सगळी लाइन नवी."

"आणि आई?" नवऱ्याने विचारलं.

"आई कुठेही जाणार नाहीत. बाहेरच्या खोलीत माझ्याजवळ झोपतील. संडासाला समोरच्या वहिनींकडे, मी हात धरून नेईन. रात्री-अपरात्रीसुद्धा."

सासूबाईंना पाणी दिलं. त्यांनी ते एका दमात संपवलं आणि रिकामा पेला हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"आणखी एक पिऊ का गं?"

स्वतःच्या घरात, मला विचारत होत्या.