पन्नास ग्रॅम चुनखडी

"समजलं का?" मी विचारलं की कृष्णातराव बाकावरून उठून उभे राहत आणि म्हणत, "जी, बाई." डावा पाय लाकडी, तरी उभे राहायचेच. एकाहत्तरच्या लढाईतून ते असे परत आले होते. इस्लामपूरजवळच्या साखर कारखान्याने प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा त्यांच्यासाठी राखली होती. अट एकच, ऑक्टोबरात मॅट्रिकचा राहिलेला शास्त्राचा पेपर सुटला पाहिजे. नाहीतर जागा दुसऱ्याला. शेतात काम करणं आता त्यांना जमत नव्हतं. मी शाळेत शास्त्र शिकवायची, म्हणून शाळा सुटली की ते मुलांच्या बाकात कसेबसे मावून माझ्यासमोर बसत.

शंभर ग्रॅम चुनखडी भाजली तर कळीचा चुना किती? समीकरण मांडायचं, अणुभार लिहायचे, बेरीज करायची. छप्पन्न ग्रॅम. कृष्णातरावांनी फळ्यावर झकास सोडवलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आता चुनखडी पन्नास ग्रॅम घ्या.

त्यांनी लिहिलं, छप्पन्न.

माझं डोकं फिरलं. "पन्नास ग्रॅम दगडातून छप्पन्न ग्रॅम चुना? काल समजलं म्हणालात ना?"

"पाठ केलं हुतं, बाई."

"मग समजलं नाही असं सांगायला काय झालं?"

"पल्टनीत सायबानं इचारलं की जी साब म्हनायचं. न्हाई म्हनायची रीत न्हाई."

"इथे आहे," मी म्हटलं. "समजेपर्यंत नाहीच म्हणायचं. मी चिडले तरी."

मग सुरू झालं. बाकीचं वजन कुठं गेलं? वायू होऊन उडालं. "न्हाई समजलं." वायूलाही वजन असतं. "न्हाई, बाई." मी रोज चिडायची, फळा पुसायची, पुन्हा मांडायची. ते घाम पुसत न्हाई म्हणायचे. दोघंही हटायला तयार नव्हतो.

पेपर संपल्यावर ते थेट शाळेत आले. "चुनखडी आलीच न्हाई. मॅग्नेशियम जाळायचं हुतं. बारा ग्रॅमचं ईस झालं. म्हटलं, चुकलं. मग इचार केला, ह्ये हवंतनं ऑक्सिजन घेतंय, वजन वाडनारच."

मला आनंदाने काय करू नि काय नको झालं. "अहो, सुटला तुमचा पेपर. पहिल्याच दिवशी नाही म्हणाला असतात तर माझा किती घसा वाचला असता."

ते हसले नाहीत.

"गुंडा म्हनून माज्या गावचा गडी हुता, बाई. पेरलेल्या सुरुंगातनं वाट कशी काडायची ते सुभेदारसायबानं सांगितलं. समजलं का म्हनले. गुंडाला समजलं न्हवतं, ह्ये मला म्हायती हुतं. त्यो जी साब म्हनला. मीबी म्हनलो. त्यो चुकीच्या वाटंनं सुरुंगात शिरला. त्याला वडून काडाय गेलो, तवा माजा पाय गेला. त्यो न्हाई घावला."

कृष्णातराव पास झाले, कामावर रुजू झाले. मी मात्र तेव्हापासून वर्गात "समजलं का" असं विचारत नाही. काय समजलं नाही ते सांगा म्हणते, आणि कुणीतरी सांगेपर्यंत पुढचं गणित घेत नाही.